पतपेढीतलं तारण आणि देवळातलं तारण

आजीच्या पाटल्या वर्षातले सहा महिने पतपेढीत असायच्या. पेरणीच्या तोंडावर ती त्या तारण ठेवायची आणि माल विकला की सोडवून आणायची. रविवारी तीच आजी डोक्यावरचा पदर सारखा करून देवळात बसायची. आमच्या नगरकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणत. पाळकसाहेब पुढे उभे राहून सांगायचे, तारण फुकट आहे, कोणीही यावं आणि घ्यावं. सात-आठ वर्षांच्या मला प्रश्न पडायचा, तारण इतकं फुकट मिळतं तर आजी पाटल्या कशाला नेऊन देते?

पुढे कळलं की शब्द एकच असला तरी त्याच्या पोटात दोन अर्थ आहेत. एक कर्जापोटी ठेवलेली वस्तू, दुसरा बुडत्याला तारून नेणं. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्येही या जागी एकच शब्द नाही. ‘सोतेरिया’ म्हणजे सुटका, बचाव. ‘अपोलुत्रोसिस’ म्हणजे किंमत मोजून सोडवणं, एखाद्या गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवावं तसं. तेव्हा आजीच्या पाटल्यांची उपमा अगदीच परकी म्हणता येणार नाही. फक्त ख्रिस्ती श्रद्धेत गहाण पडलेला माणूस स्वतःला सोडवून आणत नाही. त्याचे पैसे दुसऱ्याच कोणीतरी भरलेले असतात.

एवढी साधी गोष्ट, पण डोक्यात बसायला भलती अवघड. देवळाबाहेरच्यांना आणि देवळातल्यांनाही. तारणाविषयी जे गैरसमज मी आजवर ऐकले, त्यातल्या बहुतेकांच्या तळाशी पतपेढीची वही सापडते.

गैरसमज: चांगली कामं केली की त्या हिशोबावर देव तारतो

येशूने सांगितलेली एक गोष्ट शेतमजुरी केलेल्या माणसाला हमखास खटकते. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजुरांच्या अड्ड्यावर जातो आणि दिवसाला एक दिनार ठरवून माणसं आणतो. एक दिनार ही त्या काळची दिवसभराची मजुरी. मालक पुन्हा नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो. दिवस मावळायला तासभर उरलेला असताना पाचलाही जातो आणि अजून रिकामे उभे असलेले चारदोन गडी घेऊन येतो. संध्याकाळी हिशोब होतो तेव्हा सगळ्यांच्या हातावर एकेक दिनार. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुरतात, आणि त्यांचं काय चुकलं? कुठल्याही युनियनने त्यांचीच बाजू घेतली असती. मालक एवढंच म्हणतो, की ठरलेलं तुम्हाला मिळालं, मी उदार झालो याचं तुम्हाला का दुखतं? स्वर्गाचं राज्य असं आहे, असं येशू सांगतो.

ही गोष्ट दोन हजार वर्षं वाचली जाते आहे आणि दर काही पिढ्यांनी चर्चमध्येच कोणीतरी वही पुन्हा उघडून बसतं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा पेलागियस घ्या. ब्रिटनकडून रोमला आलेला हा तपस्वी वाईट माणूस नव्हता. राजधानीतल्या ढिल्या ख्रिस्ती लोकांना पाहून तो वैतागला होता. मनात आणलं तर माणूस स्वतःच्या बळावर देवाच्या आज्ञा पाळू शकतो, असं तो शिकवू लागला. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टिन त्याच्याविरुद्ध उभा राहिला आणि ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची शिकवण नाकारली. देवाची कृपा ही पुण्यसंचयावर मिळणारी बक्षिसी नव्हे, असा तो निर्णय होता.

मग अकराशे वर्षांनी खरोखरच पतपेढी मध्ये आली. जर्मनीतल्या आल्ब्रेख्त नावाच्या उमरावाला माइन्त्सचं आर्चबिशपपद मिळवण्यासाठी मोठी रक्कम लागली आणि ती त्याने आउग्सबुर्गच्या फुग्गर या सावकारी पेढीकडून कर्जाने उचलली. कर्ज फेडायला त्याला क्षमापत्रं विकण्याची परवानगी मिळाली. निम्मा पैसा फुग्गरांच्या कर्जात, निम्मा रोममधल्या सेंट पीटर बॅसिलिकाच्या बांधकामाला. इथे चर्चच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. क्षमापत्र विकत घेतलं की तारण मिळतं, असं अधिकृत शिकवणीत कधीच नव्हतं. पापाची क्षमा झाल्यावरही जी शिक्षा भोगायची उरते, तिच्यातून सूट, एवढाच त्याचा अर्थ होता. पण योहान टेट्झेलसारखे विक्रेते गावोगाव फिरून जे बोलत, त्यात हा बारकावा कुठला राहणार? ३१ ऑक्टोबर १५१७ ला मार्टिन ल्यूथरने या विक्रीविरुद्ध आपले ९५ मुद्दे पुढे केले, आणि पाश्चात्त्य चर्च फुटलं. पैसे घेऊन क्षमापत्रं देण्याची पद्धत पोप पाचवे पायस यांनी १५६७ मध्ये मोडीत काढली, तोवर पन्नास वर्षं उलटली होती.

या भांडणाचा पुढचा अंक मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. ३१ ऑक्टोबर १९९९ ला त्याच आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. देव माणसाला स्वीकारतो तो केवळ कृपेने, त्याच्या कुठल्या गुणवत्तेमुळे नव्हे, यावर दोघांचं एकमत असल्याचं त्यात लिहिलं आहे. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड चर्चही त्यात सामील झाली. तेव्हा ‘कॅथलिक कर्मावर विश्वास ठेवतात आणि प्रोटेस्टंट कृपेवर’ हे जे आमच्याकडे अजून पंगतीत बसून सांगितलं जातं, ते निदान कागदावर तरी जुनं झालं आहे.

गैरसमज: म्हणजे पाप करा, माफी मागा, मोकळे व्हा

वरचं सगळं ऐकल्यावर पहिला टोमणा हाच येतो. तो नवा नाही. कृपा वाढावी म्हणून आपण पापच करत राहावं का, हा प्रश्न प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात स्वतःच मांडला आहे आणि तो झटकूनही टाकला आहे.

जक्कयाचं उदाहरण बघा. यरीहोचा हा जकातदार ठेंगणा होता. गर्दीतून येशू दिसेना म्हणून तो उंबराच्या झाडावर चढला. येशूने त्याला खाली बोलावलं आणि त्याच्याच घरी उतरणार म्हणून सांगितलं. गावाने नाकं मुरडली. जक्कयाने मात्र तिथल्या तिथे अर्धी मालमत्ता गरिबांना देऊन टाकली आणि ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट परत करायचं कबूल केलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. येशू घरी आला तो चौपट परतफेडीनंतर नाही. परतफेड सुचली ती त्याच्या येण्यामुळे. या घराचं तारण झालं असं येशू म्हणतो तेव्हा तो ‘आज’ हा शब्द वापरतो, मेल्यानंतरचा हवाला देत नाही.

कॅथलिक पापनिवेदनातही धर्मगुरूकडे जाऊन पुटपुटलं की झालं, असं नसतं. खरा पश्चात्ताप आणि सुधारण्याचा निश्चय असावा लागतो, चोरी केली असेल तर माल परत करावा लागतो. सिनेमातली जाळीमागची ती काळोखी खोली पाहून आपण भलतीच कल्पना करून घेतो.

दुसरीकडे, विश्वास ठेवला आणि माणूस एका रात्रीत पालटला, ही साक्षीसभांमध्ये आवडती असलेली गोष्टही जपूनच ऐकावी. जॉन न्यूटनचं नाव ‘अमेझिंग ग्रेस’ या गीतामुळे जगभर गेलं. हा इंग्रज खलाशी गुलामांच्या व्यापारात होता. १७४८ च्या मार्चमध्ये अटलांटिकवरच्या वादळात जहाज बुडता बुडता वाचलं, तेव्हा त्याने देवाचा धावा केला आणि आपल्या पालटाची सुरुवात तो त्या दिवसापासून मोजत असे. एवढं ऐकून लोक थांबतात. पण त्यानंतर तो गुलामवाहू जहाजांचा कप्तान झाला. खाली तळघरात साखळ्यांनी बांधलेली माणसं आणि वर कप्तानाची प्रार्थना, असे प्रवास त्याने केले. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला तोही तब्येत ढासळली म्हणून, मन खात होतं म्हणून नव्हे. पाद्री झाला १७६४ मध्ये, गीत लिहिलं १७७२ च्या अखेरीस, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध स्वतःची लाज उघडी करणारी पुस्तिका लिहिली १७८८ मध्ये. वादळानंतर चाळीस वर्षांनी! ब्रिटनच्या संसदेने तो व्यापार बंद केला १८०७ मध्ये, त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूटन वारला.

याला कृपा म्हणायचं की दिरंगाई? मला वाटतं, ख्रिस्ती शिकवणीत दोन्हीला जागा आहे. क्षमा एका क्षणात मिळते आणि तिच्यालायक होता होता आयुष्य जातं. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर यांनी १९३७ मध्ये ‘स्वस्त कृपे’वर कडाडून हल्ला केला. किंमत न मोजता वाटली जाणारी, जगणं जिथल्या तिथे ठेवणारी क्षमा, असं त्यांचं म्हणणं होतं. आजूबाजूला हिटलरचं राज्य होतं आणि बरीचशी चर्च गप्प होती. एप्रिल १९४५ मध्ये नाझींनी बॉनहोफरना फाशी दिलं.

गैरसमज: जुन्या कराराचा देव रागीट, नव्याचा प्रेमळ

हा गैरसमज इतका जुना आहे की त्याच्यापायी एक माणूस १४४ मध्ये रोमच्या मंडळीतून बाहेर काढला गेला. मार्कियन हा काळ्या समुद्राकाठच्या सिनोपचा. त्याने जुना करार सबंध फेकून दिला आणि लूकचं शुभवर्तमान व पौलाची काही पत्रं, तीही छाटून, तेवढी ठेवली. चर्चने हे मानलं नाही. देव एकच आहे आणि त्याचं प्रेम बेथलेहेमला नव्याने सुरू झालेलं नाही, ही त्यामागची भूमिका.

हिब्रू शास्त्रात ‘हेसेद’ हा शब्द अडीचशेच्या आसपास वेळा येतो. त्याला मराठीत एक शब्द मिळणं कठीण. दया म्हणावं तर थोडी वरून केल्यासारखी वाटते, प्रेम म्हणावं तर फार मऊ पडतं. दिलेला शब्द न मोडणारी माया, असं काहीतरी. स्तोत्रसंहितेतल्या १३६ व्या स्तोत्रात २६ कडवी आहेत आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी हाच शब्द पालुपदासारखा परततो.

याची दुसरी बाजूही आहे आणि रविवारच्या प्रवचनात ती क्वचितच येते. नव्या करारात नरकासाठी ‘गेहेन्ना’ हा शब्द बारा वेळा आला आहे. त्यातल्या अकरा वेळा तो येशूच्या तोंडी आहे. यरुशलेमच्या दक्षिणेला असलेल्या हिन्नोमच्या खोऱ्यावरून हा शब्द पडला. कडेवर कोकरू घेतलेल्या मऊ चेहऱ्याच्या येशूची तसबीर आमच्याही घरात होती. पण त्या तसबिरीवरून शुभवर्तमान वाचायला गेलं तर पानोपानी ठेच लागते.

गैरसमज: रागावलेल्या देवाने स्वतःच्या मुलाचा बळी घेतला

मराठी बायबलमध्ये येशूच्या मरणासाठी एके ठिकाणी ‘खंडणी’ हा शब्द आहे. आज तो वाचला की डोळ्यांपुढे बिल्डरला आलेला फोन उभा राहतो, त्याला इलाज नाही. पण प्रश्न उरतोच, की खंडणी दिली तर कोणाला दिली? सुरुवातीच्या शतकांतल्या पुष्कळांनी उत्तर दिलं, सैतानाला. निसाचा ग्रेगरी तर म्हणे, येशूचं मनुष्यरूप हे आमिष होतं आणि आत देवत्वाचा गळ होता. सैतानाने घास घेतला आणि तो अडकला. त्याचाच मित्र, नाझियान्झसचा ग्रेगरी, सैतानाला खंडणी या कल्पनेवरच वैतागला. दरोडेखोराला देव खंडणी देईल? १०९८ च्या सुमाराला कँटरबरीच्या अॅन्सेल्मने खंडणी बाजूला सारली आणि देवाच्या अवमानाची भरपाई असा वेगळाच विचार मांडला. त्यानंतर काही दशकांनी पॅरिसच्या अबेलार्डने क्रूसाकडे बोट दाखवून म्हटलं, इतकं प्रेम पाहून माणूसच बदलतो. पुढे सुधारणावाद्यांनी भरपाईच्या जागी शिक्षा आणली. आपल्या वाट्याची शिक्षा ख्रिस्ताने भोगली, असं ते सांगू लागले. आज प्रोटेस्टंट प्रवचनांत हेच जास्त ऐकू येतं, आणि त्याचं भडक रूप म्हणजे वरचा गैरसमज.

एवढे सगळे वाद झाले, पण ३२५ मध्ये निकेयात ठरलेल्या मतांगीकारात यातलं काहीच नाही. आमच्यासाठी आणि आमच्या तारणासाठी तो उतरला, इतकंच त्यात आहे. कसं घडलं, हे चर्चने त्यात मुद्दाम बांधून टाकलेलं दिसत नाही. शिवाय पिता, पुत्र आणि आत्मा हा एकच देव, असं मानणाऱ्या श्रद्धेत पित्याने पुत्राला परक्यासारखं मारलं असं म्हणताच येत नाही. क्रूसावर देव स्वतःच होता. हे कळलं नाही तर ‘देव प्रीती आहे’ या वाक्याला अर्थच उरत नाही.

गैरसमज: बाप्तिस्मा घेतला की काम झालं

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. संस्कृत कोळून प्यायलेली ही बाई अँग्लिकन सिस्टरांशी त्रैक्यापासून क्रूसापर्यंत प्रत्येक मुद्द्यावर पत्रांतून भांडली. १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिताना त्यांनी मोकळेपणाने सांगितलं, की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला पुढे आठ वर्षं लागली. दुष्काळात सापडलेल्या मुलींना आणि विधवांना केडगावला आसरा देणारं ‘मुक्ती’ त्यानंतरचं.

आणि हे बघा. आमच्या नगरमध्ये जिची इस्पितळं आणि शाळा सगळ्यांना ठाऊक आहेत ती मुक्तिफौज, १८८२ पासून भारतात काम करणारी, बाप्तिस्मा देतच नाही. येशूशेजारी क्रूसावर टांगलेल्या चोराचा बाप्तिस्मा झाला नव्हता आणि तरी स्वर्गाचं आश्वासन त्याला मिळालं. बहुतेक चर्चच्या दृष्टीने बाप्तिस्मा फार मोलाचा आहे. पण तो पावतीचा कागद नव्हे.

गैरसमज: तारण हवं तर आपली भाषा, आपली रीत सोडावी लागते

इ. स. ४९ च्या सुमाराला यरुशलेममध्ये चर्चची पहिली मोठी सभा भरली ती याच भांडणावर. ख्रिस्ताकडे आलेल्या परकीयांनी आधी यहुदी व्हायचं का, सुंता करायची का? निर्णय झाला, गरज नाही.

मग गोव्यात काय झालं? १५६० ते १८१२ पर्यंत, मधली चार वर्षं सोडली तर, तिथे इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय चाललं. हिंदूंची देवळं पाडली गेली. ते झाकून चालणार नाही. पोर्तुगालच्या राज्याला आज्ञाधारक प्रजा हवी होती आणि चर्चमधल्या पुष्कळांनी त्या राज्याला साथ दिली. सक्तीने दिलेलं प्रेम हे प्रेमच नाही, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात जवळपास मान्य केलं, पण तोवर फार उशीर झाला होता. आणि त्याच गोव्यात, त्याच काळात, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघी मराठीत ओव्या रचत बसला होता. १६१६ मध्ये रायतूरला छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’ अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं आहे आणि त्यात स्वर्गाला तो बिनदिक्कत वैकुंठ म्हणतो. एकाच जमिनीवर दोन्ही झालं. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांची भजनं आम्ही अजून टाळ घेऊन म्हणतो. आजीला निम्मी पाठ होती आणि ती भजनं ख्रिस्ती आहेत म्हणजे मराठी कमी आहेत, असं तिला कधी वाटल्याचं मी पाहिलं नाही.

गैरसमज: तारण फक्त आपल्या लोकांसाठी

चर्चच्या बाहेर तारण नाही, असं तिसऱ्या शतकात कार्थेजच्या सिप्रियनने लिहिलं. त्याचा रोख फुटून निघालेल्या ख्रिस्ती गटांवर होता, पुढे ते वाक्य साऱ्या जगावर लागू झालं. विसाव्या शतकात बॉस्टनच्या लेनर्ड फीनी नावाच्या येशूसंघी धर्मगुरूने ते अक्षरशः घेतलं. जो कॅथलिक नाही तो बुडाला, असं तो शिकवू लागला. रोमने त्याला समज दिली, बोलावलं, तो गेला नाही. १९५३ मध्ये त्यालाच चर्चबाहेर काढण्यात आलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट लिहिलं, की ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्त ठाऊक झाला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. प्रोटेस्टंटांमध्ये यावर एकवाक्यता नाही. ख्रिस्तावर उघड विश्वास ठेवल्याशिवाय गत नाही, असं मानणारे पुष्कळ आहेत आणि ते आपल्या मताला शास्त्राधार देतात. सगळ्या ख्रिस्ती लोकांचं याबाबत एकच मत आहे, हा समज तेवढा टाकून द्यावा.

माझं स्वतःचं म्हणाल तर या प्रश्नावर मी योनाचं पुस्तक उघडतो. जेमतेम चार अध्याय. माशाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पुढची नसते. निनवे ही अश्शूरांची नगरी, इस्राएलच्या जिवावर उठलेल्या शत्रूची. देवाने पाठवलेला योना आधी पळतो, मग तिथे जाऊन नाशाचा इशारा देतो, आणि घोटाळा असा होतो की निनवेकर ऐकतात. राजा राखेत बसतो. देव त्यांना सोडून देतो. योना संतापतो. तू असाच करशील हे मला माहीत होतं, म्हणूनच तर मी पळालो होतो, असं तो देवाला सुनावतो आणि गावाबाहेर जाऊन बसतो, आता काय होतंय ते बघत. देव त्याच्या डोक्यावर सावलीला एक झाड उगवतो, बहुतेक एरंडाचं, आणि दुसऱ्या दिवशी किडा लावून ते वाळवतो. योना झाडासाठी हळहळतो. तेव्हा देव विचारतो, न लावलेल्या, न वाढवलेल्या झाडाचं तुला एवढं वाटतं, मग या शहराचं मला वाटू नये का? इथे एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत, ज्यांना उजवं-डावं कळत नाही. आणि गुरंढोरंही पुष्कळ आहेत.

योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलं नाही. पुस्तक गुरांपाशी संपतं.